पूर्वनिर्मित भिंतीतील बाष्परोधक पटल : दोष आणि दुरुस्ती

पश्चिम जर्मनीत १९६० व १९७० या दशकांत कारखान्यात तयार केलेल्या लाकडी चौकटींची घरे मोठ्या संख्येने उभारली गेली. त्यांची भिंत थरांची असते : आतून चिपबोर्डाचा फळा, त्यामागे पॉलिएथिलीनचे पातळ पटल, नंतर चौकटीच्या दांड्यांमध्ये भरलेली खनिज लोकर आणि बाहेरून पुष्कळदा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे तक्ते. यांपैकी पटल किमतीने क्षुल्लक; परंतु भिंतीचे आयुष्य बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

हिवाळ्यात खोलीतील हवेचे तपमान २० अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर तिच्यातील बाष्पदाब सुमारे १,१७० पास्कल असतो. बाहेर उणे ५ अंश तपमान व ८० टक्के आर्द्रता असता तो सुमारे ३२० पास्कल भरतो. या अंतरामुळे बाष्पाची गती आतून बाहेर असते. आतील हवेचा दवबिंदू सुमारे ९ अंश असल्याने, भिंतीच्या ज्या थरात तपमान त्याहून खाली उतरते तेथे पाणी साचण्याचा संभव उत्पन्न होतो.

बाष्प भिंतीत दोन मार्गांनी शिरते. पहिला मार्ग विसरणाचा होय. ०.२ मिलिमीटर जाडीचे पॉलिएथिलीन पटल सुमारे २० मीटर जाडीच्या स्थिर हवेइतका विरोध करते. वरील स्थितीत अखंड पटलाच्या प्रत्येक चौरस मीटरातून दिवसाला एक ग्रॅमहूनही कमी बाष्प जाते. दुसरा मार्ग फटींतून वाहणाऱ्या हवेचा. आतील हवेच्या घनमीटरात सुमारे ८.६ ग्रॅम बाष्प असते. उणे ५ अंशांस तीच हवा जेमतेम ३.४ ग्रॅम धारण करते. म्हणजे ताशी एक घनमीटर हवा गळली, तरी दिवसाला शंभर ग्रॅमहून अधिक पाणी भिंतीत साचू शकते. यास्तव दोष शोधावयाचा तो पटलाच्या द्रव्यात नव्हे, तर त्याच्या सांध्यांत, विजेच्या पेट्यांभोवती आणि खिडक्यांच्या कडांशी.

अशा घरांत ओलाव्याचा आणखी एक परिणाम दिसतो. त्या काळी लाकडास पेंटाक्लोरोफेनॉल हे संरक्षक द्रव्य लावीत. जर्मनीत त्यावर १९८९ साली बंदी आली. ओल्या लाकडातील सूक्ष्मजीव त्याचे क्लोरोॲनिसोलात रूपांतर करतात आणि घरास कुबट वास येतो. हा वास कपड्यांतही मुरतो. केवळ पटल बदलून तो जाईलच असे नाही. दूषित फळे व लोकरही काढावी लागते.

दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. प्रथम दारात पंखा बसवून घरात ५० पास्कलचा दाबभेद निर्माण करतात व धुराच्या साहाय्याने गळतीची स्थाने निश्चित करतात. नंतर आतील फळे काढून ओली लोकर बाजूस सारतात, कुजलेले लाकूड बदलतात आणि चौकट पूर्ण वाळू देतात; ओली भिंत नव्या पटलाने झाकणे म्हणजे रोग आत कोंडणेच होय. नव्या पटलाच्या पट्ट्या सुमारे दहा सेंटिमीटर एकमेकींवर घेऊन, शक्यतो दांड्याच्या आधारावर, चिकटपट्टीने जोडतात. पटलाच्या आतील बाजूस चार-पाच सेंटिमीटरांची पोकळी ठेवून विजेच्या तारा तिच्यातून नेल्यास पटलास पुन्हा भोके पडत नाहीत. शेवटी दाबाची परीक्षा पुनश्च घेतात.

बाहेरचा थर बाष्पास अडविणारा असेल, तर आर्द्रतेनुसार विरोध बदलणारे पॉलिॲमाइडचे पटल उपयुक्त ठरते. हिवाळ्यात ते बाष्प अडविते. उन्हाळ्यात भिंतीस आतल्या बाजूने वाळू देते. ॲस्बेस्टॉसच्या तक्त्यांना मात्र प्रशिक्षित माणसांखेरीज कोणी हात लावू नये. तसेच घर हवाबंद झाल्यावर वायुवीजनाची स्वतंत्र व्यवस्था आवश्यक ठरते. एरवी आतील आर्द्रता वाढून दोष अन्यत्र प्रकट होतो.

पटलाची जागा हवामानावर ठरते, हे तत्त्व ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील शीतगृहात बाष्प बाहेरून आत येते. तेथे बाष्परोधक उष्णतारोधकाच्या बाहेरील, म्हणजे उष्ण बाजूस असावा लागतो. जर्मन भिंतीची रचना तेथे जशीच्या तशी उचलल्यास दुरुस्तीच दोषाचे कारण होईल.