कुलूप पालकांचे, किल्ली मुलांकडे

पूर्वी ज्या थोड्या घरांत दूरध्वनी असे, त्यांतल्या पुष्कळ घरांत तबकडीच्या छिद्रात एक लहानसे कुलूप अडकवलेले दिसे. बिल वाढू नये म्हणून घरच्या कर्त्याने योजलेला तो उपाय. परंतु रिसीव्हर ठेवण्याची खुंटी ठरावीक वेळा झरझर दाबली की तबकडी न फिरवताही क्रमांक लागतो, हा शोध घरातल्या एखाद्या मुलाला लागतच असे. कुलूप वडिलांचे आणि विद्या मुलाची, असा तो सामना होता. आपण हरलो हे वडिलांना बिल आल्यावरच कळे. मुलांच्या स्मार्टफोनवर पालकांचे नियंत्रण बसवण्याच्या आजच्या साधनांचा विचार करताना ही जुनी तबकडी आठवणे अप्रस्तुत ठरू नये.

साधने आहेत आणि ती वाईट नाहीत. गूगलने ‘फॅमिली लिंक’ २०१७ मध्ये आणले, तर अ‍ॅपलने २०१८ मध्ये आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ दिले. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. रोज किती वेळ फोन चालावा, रात्री तो केव्हा बंद व्हावा, कोणते नवे अ‍ॅप घेता यावे, हे पालकाला ठरवता येते. अश्लील मजकुरावर गाळणी बसवता येते; ती पूर्णपणे अभेद्य नसते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते. मूल कोणाशी काय बोलते, हे फॅमिली लिंक दाखवत नाही आणि ते योग्यच आहे.

अडचण साधनात नाही, साधनाने गृहीत धरलेल्या घरात आहे. हे घर असे की, तेथे पालकाचा फोन वेगळा, मुलाचा वेगळा. पालकाला आपल्या खात्याचा पासवर्ड पाठ. आणि मुलाचे खाते पालकाने स्वतः, खऱ्या जन्मतारखेसह उघडलेले. महाराष्ट्रातल्या किती घरांना हे वर्णन लागू पडेल? पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो सायंकाळी हातोहात फिरतो. त्यावरचे खाते दुकानदाराने उघडून दिलेले असते, नाही तर मुलाने. २०२० साली टाळेबंदीत शाळा फोनवर आल्या, तेव्हा कर्ज काढून फोन घेणाऱ्या आईबापांनी तो मुलाच्याच हाती देऊन ‘तूच कर बाबा काय ते’ असे म्हटले. मुलाने ते केले. जन्मवर्ष विचारले गेले तेव्हा खरे वर्ष घातल्यास काम अडते, हे त्याच्या लगेच ध्यानात आले आणि अकरा वर्षांचे मूल एका क्षणात सज्ञान झाले. ज्या खात्याचा धनी सज्ञान आहे, त्यावर पालकांची देखरेख बसत नाही.

यात मुलाला दोष देणे सोपे आहे. पण बँकेचा संदेश आईला वाचून दाखवणारे, आजोबांची हयातीच्या दाखल्याची भानगड निस्तरणारे, विजेचे बिल भरणारे मूल तेच असते. घराने ज्याला कारकून नेमले, त्याच्यावर पहारेकरी कोणी बसवायचा?

शिवाय फोन सरसकट काढून घेण्याचा मार्गही मोकळा उरलेला नाही. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असे ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात आढळले. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. दोन्ही कामे एकाच यंत्रावर होतात. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर धाडणाऱ्या शाळेनेच पालकसभेत मोबाइलच्या दुष्परिणामांवर व्याख्यान ठेवावे, यातली विसंगती शाळेच्या ध्यानात येत नाही, हे नवल आहे.

काढून घेण्याची वेळ येते तेव्हा तो बहुधा मुलीचा काढून घेतला जातो, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. एखाद्या अनोळखी माणसाने तिला घाणेरडा संदेश पाठवला तर ती घरी सांगत नाही, कारण शिक्षा संदेश पाठवणाऱ्याला होणार नाही, फोन आपला जाईल, हे ती जाणते. मुलाला न सांगता त्याच्या फोनवर बसवलेली हेरगिरीही याच जातीची. ती उघडकीस येते त्या दिवसापासून घरात सांगण्यासारखे काही उरत नाही.

कायद्याने हा भार थोडा हलका करू पाहिला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी लागेल. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यासही त्यात मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील, अशी तरतूद आहे. दुसरा भाग मोलाचा आहे. पहिल्याचे काय होईल, याची कल्पना वरील वर्णनावरून येईल. संमतीचा संदेश ज्या फोनवर येणार, तो त्या क्षणी कोणाच्या हातात असेल?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली निराळी वाट धरली. सायंकाळी सातला भोंगा वाजे आणि दीड तास गावातले फोन व दूरचित्रवाणी संच बंद ठेवले जात. त्यात तंत्रज्ञान काहीच नव्हते. विशेष होते ते एवढेच की, भोंगा मोठ्यांसाठीही वाजत होता. वडील रात्री अकरापर्यंत चित्रफिती सरकवीत बसलेले आणि मुलाचा फोन नऊला आपोआप बंद, ही व्यवस्था कोणत्याही मुलाला न्यायाची वाटणार नाही.

म्हणून ज्या पालकांना हे नियंत्रण बसवायचे आहे, त्यांनी मूल झोपल्यावर चोरून ते करण्याऐवजी त्याला शेजारी बसवून करावे. इंग्रजी अडले तर त्यालाच विचारावे. त्यात कमीपणा नाही. वेळेची मर्यादा त्याच्याशी बोलून ठरवावी आणि परीक्षेनंतर ती पुन्हा पाहावी. पासवर्ड मात्र स्वतः घालावा, वाढदिवसाच्या तारखेचा नको. हे काम तासाभराचे आहे. त्यातला पहिला तंटा बहुधा जन्मवर्षावरून होईल. खात्यात २०२० साली जे वर्ष घातले गेले ते दुरुस्त करावे लागेल, आणि ते कोणी घातले हे शेजारी बसलेल्याला ठाऊक असेल.