सगळ्यात लहान डबा आधी

पंगतीत पहिलं वाढायचं ते मीठ. चिमूटभर, पानाच्या वरच्या कडेला, मधोमध. त्याच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या. खाली, जेवणाऱ्याच्या समोर, भाताची मूद, मुदीवर वरण आणि सगळ्यात शेवटी तूप. केळीचं पान असेल तर त्याचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मी हे मावशीच्या लग्नात, मिठाची वाटी हातात घेऊन शिकलो. लहान मुलांच्या हाती मीठच देत, कारण थोडं इकडेतिकडे झालं तरी पान बिघडत नाही.

गेली तीन वर्षं मी आमच्या सोसायटीच्या अंगतपंगतीत वाढतो. चंपाषष्ठी झाली की पुढचा एखादा रविवार ठरतो. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं न खाणारी काही घरं आहेत, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. घरटी एक जिन्नस, पोळ्या मात्र सगळ्यांनी आणायच्या. पोळ्यांचं हे कलम अनुभवातून आलं. ते नव्हतं तेव्हा एका वर्षी गोडाचे सात प्रकार जमले होते आणि पोळ्या दुसऱ्या पंगतीलाच संपल्या.

याला आता सगळे पॉटलक म्हणतात. माझ्या पिढीला अंगतपंगत हा शब्द शाळेच्या मधल्या सुट्टीनं दिला. शिदोऱ्या एकत्र करून खाण्याची रीत तर कृष्ण आणि त्याच्या सवंगड्यांच्या गोष्टीइतकी जुनी. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला काला होतो आणि तो झाल्यावरच पालख्या परतीला लागतात. पण काल्यात पोहे, लाह्या, दही, लोणचं सगळं एकजीव होतं, कोणता घास कुणाच्या घरचा ते कळत नाही. अंगतपंगतीत डबे वेगळेच राहतात. आणि ज्यानं तो डबा भरला तो त्याच रांगेत बसून, मान खाली घालून, पण सगळं लक्ष तिकडे लावून बघत असतो. सगळा नाजूकपणा इथे आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर टेबलं मांडली होती. ज्यानं त्यानं हवं ते घ्यावं. तिसऱ्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या खानदेशातल्या वहिनींनी वांग्याचं भरीत आणलं होतं. साधा स्टीलचा डबा, तोही छोटा. पुलावाचं पातेलं आणि गुलाबजामांचा हंडा यांच्या मागे तो कुठेतरी राहिला. कुणी मुद्दाम टाळला नाही. कुणी झाकण काढलं नाही, इतकंच. रात्री आवराआवर करताना मी त्यांना तो डबा उचलताना पाहिलं. जड होता. त्या काहीच बोलल्या नाहीत, उलट माझ्याकडे बघून हसल्या, आणि जिना उतरून गेल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही. नवं माणूस आपल्या दारात अन्न घेऊन येतं आणि ते तसंच परत जातं, याहून मोठी चूक यजमानाकडून काय व्हायची? आणि यजमान कोण, तर आम्ही सगळेच, म्हणजे कुणीच नाही.

पुढच्या वर्षी टेबलं गेली, सतरंज्या आल्या. घरी पाहुणा आला की यजमान कोण हे ठरलेलं असतं. जिथे प्रत्येक जण पाहुणा आणि प्रत्येक जण स्वयंपाकी, तिथे यजमानपण वाढणाऱ्यानं अंगावर घ्यावं लागतं.

आता पंगत बसण्याआधी आम्ही वाढपी सगळे डबे उघडतो आणि चव बघतो. काय कुणाचं, तिखट किती, शेंगदाण्याचं कूट कशात आहे, सगळं माहीत हवं. वरणं एकत्र ओतली तर चालतात, पण आमट्या नाही. गोड्या मसाल्याची चिंचगुळाची आमटी आणि कांदा-लसूण मसाल्याची आमटी एका बादलीत गेल्या की दोन्ही घरांवर अन्याय. पोळ्या मात्र एकाच मोठ्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. घडीची, फुलका, जाड, पातळ, हाताला येईल ती.

मग वाढायला घेतो ते सगळ्यात लहान डब्यापासून. तीस जणांची पंगत आणि डब्यात जेमतेम पंधरा चमचे असतील तर अर्धा अर्धा चमचा, पण प्रत्येक पानावर. मोठ्या पातेल्यांना घाई नसते, ती उरतातच. दुसरी फेरी उलट्या टोकाकडून सुरू करायची, नाहीतर कोपऱ्यातलं माणूस प्रत्येक वेळी शेवटचं राहतं. वाढताना जिन्नस आणि घर दोन्ही मोठ्यानं सांगायचं: “भरीत, तिसऱ्या मजल्यावरचं!”

एकाच पंगतीत कुणाला जास्त, कुणाला कमी वाढणं याला आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच असा वेगळा शब्द आहे. शब्द आहे, कारण ते राजरोस चालत असे. त्याहून वाईट म्हणजे कितीतरी माणसांना पंगतीत बसूच दिलं जात नव्हतं. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी सत्यनारायणाच्या पूजेला झुणका-भाकरीचा प्रसाद ठेवून सगळ्या जातींची माणसं जेवायला एकत्र बसवली, ती याच्याच विरोधात. पळी हातात असली की मला याची आठवण ठेवावीशी वाटते.

आग्रहाचंही तंत्र आहे. पहिलं “पुरे” रीतीचं असतं. दुसऱ्या वेळी तळहात पानावर आडवा आला की ते खरं. “अर्धी” म्हणणाऱ्याला अर्धीच वाढावी, पूर्ण वाढून फुशारकी मारू नये. जिलब्यांच्या पैजा लागत त्या काळाचं मला कौतुक नाही, त्यात अन्न जाई आणि माणसाची तब्येतही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना साखर वर्ज्य आहे. त्यांच्या पानाशी मी वाकून हळूच विचारतो, पंगतीला ऐकू जाईल असं कधीच नाही. ते कधी मान हलवतात, कधी बोटाचं पेर दाखवतात. मग पेराएवढीच खीर.

पहिल्या पंगतीला आम्ही रांधणाऱ्यांना बसवतो. आमच्या घरांत बायका शेवटी, थंड झालेलं जेवल्या आहेत. निदान या दिवशी त्यांच्या भातावर तूप वितळलं पाहिजे. सुरुवातीला काकू मंडळी बसेचनात. “तुम्हाला जमणार नाही हो,” म्हणत पदर खोचून उभ्या. आता त्या बसतात आणि बसल्या जागेवरून सांगतात, “अहो, तूप राहिलं त्या कोपऱ्यात.”

यंदा वहिनींनी गावाहून गोणीभर पऱ्हाट्या आणल्या. वेचणी झाल्यावर शेतात उरलेली कापसाची वाळकी झाडं ती. गच्चीच्या कोपऱ्यात विटा लावून त्यांनी हिरवी, लांबट वांगी त्या आगीत भाजली. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते का हे सालं उतरताना कळलं: आत बी फारसं दिसतच नव्हतं. लाकडी बडगीत वांगी ठेचली गेली. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, तेलात परतलेले शेंगदाणे. डबा तोच होता. या वेळी तो दुसऱ्या पंगतीतच संपला, आणि तिसऱ्या पंगतीसाठी त्यांनी बडगीच्या कडेचं खरवडून दिलं.

रात्री भांडी निवडायला बसलो. आमच्याकडे अजून भांड्यांवर नावं कोरलेली असतात, त्यामुळे कुणाचं काय ते शोधावं लागत नाही. भरिताच्या डब्यावर कोरलं होतं, ‘भाचीस मामांकडून’. मी तो घासला, पुसला. घरी येऊन बायकोला दिला. तिनं तळाशी मूठभर साखर घातली, वर चार तिळाचे लाडू ठेवले, आणि आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर गेलो.