गाडी तीच, पेट्रोल कमी

महिन्याचा खर्च मांडताना दूध, किराणा, मुलांची फी यांचा हिशेब घरोघरी काटेकोर होतो. गाडीच्या पेट्रोलचा आकडा मात्र नशिबावर सोडलेला असतो. ‘भाव वाढले, आपण काय करणार?’ असे म्हणून मंडळी मोकळी होतात. भाव आपल्या हातात नाहीत हे खरे; पण गाडी किती पेट्रोल पिते, हे बरेचसे आपल्या हातात, किंबहुना पायात असते.

वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर १,००० लिटर पेट्रोल लागते. तीच गाडी १५ देऊ लागली, तर ८०० लिटर पुरते. लिटरला १०० रुपये धरले, तरी वर्षाकाठी २०,००० रुपये वाचले!

आधी मोजा

टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. पुढच्या खेपेस टाकी पुन्हा पूर्ण भरावी आणि मध्ये धावलेल्या किलोमीटरना या वेळी भरलेल्या लिटरनी भागावे. हाच खरा अ‍ॅव्हरेज. तो अचानक घसरला, तर गाडीत काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

टायर, ब्रेक, फिल्टर

हवा कमी असली की टायर रस्त्याला जास्त चिकटतो आणि इंजिनाला जोर लावावा लागतो. दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना हवा तपासावी. योग्य दाब किती, हे गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेले असते. प्रवासानंतर एकाच चाकाजवळ जास्त उष्णता जाणवली, तर ब्रेक धरून राहत असण्याची शक्यता असते. ते लगेच दाखवावे. त्यात पेट्रोलही जाते आणि सुरक्षितताही. एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि इंजिन ऑइल यांची वेळ चुकवू नये. डिकीतले बिनकामाचे ओझे उतरवावे.

पायाची शिस्त

पुढचा सिग्नल लाल दिसत असताना वेग वाढवायचा आणि जवळ जाऊन करकचून ब्रेक मारायचा, म्हणजे नुकतेच जाळलेले पेट्रोल वाया घालवायचे. दूरवर नजर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर वेळीच सोडावा. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवू नये. वेग वाढतो तसा हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. म्हणूनच १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला देत आली आहे. सिग्नलवर बराच वेळ थांबायचे असेल, तर इंजिन बंद करावे.

हे गैरसमज सोडा

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की पेट्रोल वाचते, असे अनेकांना वाटते. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत नेमके उलट घडते. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा पेट्रोलपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा आधार सुटून सारा भार ब्रेकवर येतो. उतारावर ब्रेक तापून निकामी होणे, हा जिवाशी खेळ आहे.

सकाळी इंजिन पाच-दहा मिनिटे ‘गरम’ करत ठेवण्याची सवयही कार्बोरेटरच्या काळातली. आता अर्धा मिनिट थांबून सावकाश निघाले की पुरते.

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. त्यामुळे घरची ही बचत देशाचीही ठरते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण पेट्रोलच्या टाकीलाही लागू पडते.