‘आपला आज्ञाधारक’: अर्जाखालचा हा नोकर आला कुठून?

भोपाळच्या तुलसी नगरात सरकारी क्वार्टर्स आहेत. नोकरीमुळे तिकडे स्थिरावलेल्या मराठी घरातलं पोरगं शाळेत रजेचा अर्ज शिकतं तो ‘सेवा में’पासून सुरू होतो आणि ‘आपका आज्ञाकारी शिष्य’वर संपतो. नागपूर-अमरावतीकडच्या त्याच्या मावसभावाचा अर्ज ‘प्रति’ने सुरू होतो, पण शेवटी तोही ‘आपला आज्ञाधारक’च. दोन राज्यं, दोन भाषा, आणि खाली सही करणारा नोकर एकच!

हा नोकर इंग्रजी पत्रांतला. ‘युअर ओबिडियंट सर्व्हंट’ म्हणजे शब्दशः आपला आज्ञाधारक सेवक. पण अठराव्या शतकातल्या इंग्रजाला लिहिताना त्यात चाकरी दिसत नसे. आपण ‘लोभ असावा’ लिहितो तशी ती पत्र संपवायची रीत होती. बरोबरीचे लोकही एकमेकांना असंच लिहीत.

गंमत म्हणजे भांडणाच्या पत्रातही हीच सही. कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७४७ साली आपल्या शब्दकोशाचा आराखडा लॉर्ड चेस्टरफिल्डला उद्देशून लिहिला. पुढची सात वर्षं लॉर्डसाहेबांनी विचारलं नाही. कोश छापून यायच्या सुमारास मात्र कौतुकाचे दोन लेख लिहिले. ७ फेब्रुवारी १७५५ ला जॉन्सनने पत्र धाडलं. गरज होती तेव्हा मदत आली नाही, आता नको, असा त्याचा रोख. आणि शेवटी? ‘अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक’. याहून सभ्य थप्पड मी तरी वाचलेली नाही. अमेरिकेत हॅमिल्टन आणि बर यांनी १८०४ मध्ये एकमेकांना अशाच सह्यांची पत्रं लिहिली आणि ११ जुलैला पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले. हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी गेला.

आपल्याकडेही सेवक होताच, फक्त तो पत्राच्या डोक्यावर बसायचा. पेशवाईतली पत्रं ‘सेवेसी… विज्ञापना’ अशी सुरू होत. हिंदीतलं ‘सेवा में’ त्याच जातीचं.

बी.कॉम.ला पत्रव्यवहाराच्या पेपरात आम्ही ‘डिअर सर’ असेल तर ‘युअर्स फेथफुली’ एवढं घोकलं. सरकारी पत्रांतही तेच चालतं, मराठीत ‘आपला विश्वासू’, हिंदीत ‘भवदीय’. ‘भवदीय’चा अर्थ नुसता ‘आपला’. त्यात ना नोकर, ना आज्ञा. मला तो फार आवडतो.

वरच्या पातळीवर बदल झालेत. राष्ट्रपतींसाठी ‘महामहीम’ वापरण्याची सक्ती प्रणव मुखर्जींच्या काळात, २०१२ मध्ये संपली. तहसीलच्या बाहेर अर्ज लिहून देणाऱ्याकडे मात्र अजून ‘आज्ञाधारक’ मिळतो. इंग्रजाला ती निव्वळ रीत होती. साहेबापुढे हात जोडून उभ्या असलेल्या आपल्या माणसाला तो शब्द खरा वाटतो, पंचाईत तिथं आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात माहिती कशाला हवी हे सांगायचंही बंधन नाही, मग आज्ञा कुणाची पाळायची?

शाळेत मुलानं गुरुजींना लिहिलं तर लिहू द्या. रेशनकार्ड, सातबारा, नळजोडणी यांच्या अर्जाखाली ‘अर्जदार’ लिहा, भोपाळात असाल तर ‘भवदीय’ किंवा ‘आवेदक’. खाली नाव, पत्ता, तारीख. आणि पोच घ्यायला विसरू नका.