दाव्यातील त्रयस्थ

दिवाणी दावा कोणावर लावावयाचा, हे सामान्यतः वादीच ठरवितो. परंतु वाटणीच्या दाव्यात हिस्सेदार बहिणीचे नावच वगळले तर? तिचे म्हणणे न ऐकता झालेला निवाडा तिच्यावर बंधनकारक होत नाही. तंटा तसाच राहतो. म्हणून १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम १० अन्वये न्यायालय दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर तिला पक्षकार करू शकते. जिच्यावाचून परिणामकारक निवाडाच देता येत नाही, ती व्यक्ती आवश्यक पक्षकार. जिच्या उपस्थितीने वादाचा संपूर्ण निर्णय सुकर होतो, ती उचित पक्षकार. मात्र मालमत्तेशी संबंध एवढेच पुरत नाही. विक्रीच्या कराराची पूर्तता मागणाऱ्या दाव्यात, त्याच मालमत्तेवर स्वतंत्र हक्क सांगणाऱ्यांना २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश नाकारला. त्यांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. त्यासाठी स्वतंत्र दाव्याचा मार्ग मोकळा असतो.