गाठ सुटते, पण चिठ्ठी हवी!

वसुबारसेच्या आधीचा रविवार होता. घरात साफसफाईची धांदल, स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वास, आणि माळ्यावरून खाली उतरवलेली आजोबांची पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे उघडी! आजोबांची शिस्त मोठी करडी. ज्याच्याकडून कागद आला त्याचे वेगळे बोचके, बोचक्याला सुतळीची गाठ आणि गाठीला चिठ्ठी. ‘नगरपालिका’, ‘वकीलसाहेब’, ‘सराफ’, ‘धाकटे बंधू’.

दिवाळीला आलेली आत्या शेजारी येऊन बसली. जरा वेळाने हळूच म्हणाली, “अरे, माझ्या पाटल्या मोडून या घरावर वरची खोली चढली. अण्णा तेव्हा म्हणाले होते, ‘मी लिहून ठेवलंय हो.’ बघ ना सापडतंय का. मला पैसे नकोत रे. नुसतं लिहिलेलं बघायचंय.”

मी ‘नगरपालिका’ सोडले. त्यात घराचे नकाशे होते, परवानगी होती, पाटल्या नव्हत्या. ‘वकीलसाहेब’ पाहिले, तिथेही नव्हत्या. आत्याच्या नावाची चिठ्ठी तर कुठेच नव्हती. असणार कशी? तिने कधी कुणाला कागद लिहिलाच नव्हता!

वाचकहो, हसू नका. जगातले मोठमोठे दप्तरखाने याच पेचात सापडलेले आहेत. ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावतात; इतिहास एका कपाटात, पाकशास्त्र दुसऱ्यात. दप्तरखान्याची रीत निराळी. तिथे कागद लावतात ते आमच्या आजोबांप्रमाणे, म्हणजे ते कोणाच्या कचेरीत जमा झाले ते पाहून. फ्रान्समध्ये १८४१ साली तसे सरकारी परिपत्रकच निघाले, आणि १८९८ साली म्युलर, फाइथ व फ्रुइन या तिघा डच दप्तरतज्ज्ञांनी ग्रंथ लिहून या रीतीला शास्त्राची बैठक दिली. यात शहाणपण आहे. एका पत्राचा अर्थ त्याच्या मागच्या-पुढच्या पत्रांवरून लागतो. बोचके फोडून कागद विषयवार वाटून टाकले, तर प्रत्येक कागद साक्षीदारांवाचून एकटा पडतो.

पण वाचक येतो तो कचेरीचे नाव घेऊन नव्हे. तो विचारतो, “दुष्काळाविषयी काय आहे? पानिपताविषयी काय आहे? माझ्या पणजोबांविषयी काही आहे का?” पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रश्न किती जड आहे ते ठाऊक आहे. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्या दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापवून घेतले, तेव्हा त्यांचे विषयवार भाग पाडले. पानिपतच्या पत्रांचा त्यात वेगळा भाग आहे. अभ्यासकाला हजारो रुमालांच्या जंगलात निदान एक पायवाट मिळाली.

अशीच पायवाट आता संगणकावर आखली जात आहे. युरोपातल्या अनेक देशांच्या दप्तरखान्यांनी २००९ साली एकत्र येऊन ‘आर्काइव्हज पोर्टल युरोप’ या सामाईक संकेतस्थळाचे काम सुरू केले. प्रत्येक दप्तरखान्याने आपल्या शोधसूच्या तिथे मांडल्या. शोधसूची म्हणजे दप्तराची कुंडलीच म्हणा ना. कागद कोणाचे, कोणत्या काळातले, कोणत्या क्रमाने लावलेले, कोणत्या पेटीत काय, हे सारे तिच्यात असते. मात्र ही सूचीसुद्धा कचेरीच्याच क्रमाने चालते. शिवाय ती ज्या त्या देशाच्या भाषेत! डच सूची फ्रेंच माणसाला कळायची नाही, आणि फ्रेंच सूची पोलिश माणसाला.

यावर तोड काढली ती साधी आहे. संकेतस्थळावर पहिले महायुद्ध, वंशावळ, गुलामगिरी अशा विषयांची दारे उभी केली. सूची लिहिणाऱ्याने तिच्यात विषयाचे शब्द नोंदवायचे. त्यासाठी सूचीच्या नमुन्यात वेगळी जागाच राखलेली असते. डच सूचीत गुलामगिरीला ‘स्लाव्हर्नाय’ म्हटले असेल, फ्रेंच सूचीत ‘एस्क्लाव्हाज’. दोन्ही शब्द एकाच दाराला जोडून दिले, की दार उघडणाऱ्यापुढे दोन्ही देशांचे कागद येतात. बोचके एकही सुटत नाही, कागद जागचा हलत नाही. बाहेरून फक्त एक दोरा बांधला जातो.

हे काम वाटते तितके सोपे मात्र नाही. दोरा कुठे बांधायचा, हाच खरा प्रश्न. सगळ्या दप्तरालाच ‘गुलामगिरी’ अशी चिठ्ठी लावली, तर वाचकापुढे पेट्यांचा डोंगर येतो आणि तो हात टेकतो. एकेका कागदाला लावायची म्हटले, तर कारकुनांच्या पिढ्या पुरायच्या नाहीत. मधली जागा हेरायला दप्तर वाचलेला जाणता माणूसच लागतो.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. तिथले डच व्यापारी आसपासच्या घडामोडींची पत्रे वरिष्ठांकडे धाडत आणि त्यांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या असत. कंपनीचे दप्तर आज हेग शहरी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे. एका ओळीत मांडले तर एक किलोमीटरहून लांब भरेल एवढे! पण त्याच्या सूचीत ‘मराठे’ असा मथळा शोधाल तर फसाल. ही पत्रे ‘आशियाहून आलेली पत्रे व कागद’ अशा मथळ्याखाली वर्षावार लावलेली आहेत. बरे, नाव शोधावे तर महाराजांचे नाव ‘सिवाजी’, ‘सेवाजी’ असे नाना तऱ्हांनी लिहिलेले, आणि वेंगुर्ल्याचे झालेले ‘विंगुर्ला’! अलीकडे तिथे ‘ग्लोबलाइझ’ नावाच्या प्रकल्पात या दप्तराची सुमारे पन्नास लाख पाने यंत्राकडून वाचवून घेतली आहेत. यंत्र अक्षर लावते. पण विंगुर्ला म्हणजे आपले वेंगुर्ले, ही ओळख कुणीतरी पटवून द्यावीच लागते.

या खटाटोपातली खरी गोष्ट पुढेच आहे. दप्तर लागते ते लेखणी ज्याच्या हाती, त्याच्या नावाने. ज्याच्या हाती लेखणी नव्हती, त्याचे काय? दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत १८३० ते १८६३ या काळात गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या जात. वह्यांचा क्रम मालकांच्या नावांनी! माणसे त्या नावाखाली, मालमत्तेच्या यादीसारखी. गुलामाला आडनाव नाही. ओळखीला एक नाव आणि बहुधा आईचे नाव, एवढेच. २०१७ साली शेकडो स्वयंसेवकांनी त्या वह्यांतली नावे संगणकावर उतरवली आणि २०१८ साली ती सर्वांना खुली झाली. तोवर आपली खापरपणजी शोधायची तर आधी तिच्या मालकाचे नाव ठाऊक असावे लागे! आता तिच्या स्वतःच्या नावाने ती सापडू शकते. वह्या त्याच, शाई तीच. फक्त विचारायची वाट बदलली.

गुलाम, विणकर, बायका, मुले ही सारी जुन्या कागदांत आहेत. मथळ्यात नाहीत, एवढेच. विषयाचा दोरा बांधणारा माणूस त्यांना मथळ्यापर्यंत आणतो. म्हणून कोणते विषय निवडले आणि कोणते राहून गेले, हा निव्वळ कारकुनी प्रश्न नव्हे. ज्या विषयाचे दार कुणी उभे केले नाही, त्यातली माणसे आतच राहतात.

आत्याच्या पाटल्या कुठे सापडल्या म्हणता? ‘सराफ’ या बोचक्यात. पावती आजोबांच्या नावाची. मी ती बाजूला ठेवणार, तोच पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली बारीक ओळ दिसली: ‘चि. ताईच्या पाटल्या मोडल्या. वरच्या खोलीस लावले.’

आत्याने चष्मा पुसला. ओळ दोनदा वाचली. “अण्णांनी लिहिलं होतं हं,” एवढेच म्हणाली आणि भाजणी चाळायला आत गेली.

मी पावती होती त्याच बोचक्यात परत ठेवली, सुतळी बांधली. मग चिरंजिवांची एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिले: ‘आत्याच्या पाटल्या, वरची खोली – सराफ हे बोचके पाहावे.’

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. बोचकी सोडू नका, कागदांचा क्रम मोडू नका. शेजारी एक वही मात्र ठेवा, आणि ज्यांच्या नावाची चिठ्ठी नाही त्यांच्यापासून सुरुवात करा.