पेंटबॉल: बोट ट्रिगरवर, पण डोकं कुठे?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण हेडफोन लावून नीट ऐका.

गेल्या महिन्यात आमची ऑफिसची टीम लोणावळ्याजवळ पेंटबॉल खेळायला गेली होती. पहिल्याच गेममध्ये मी आडोशामागे दबा धरून बसलो. समोरून फटाफट गोळ्या आदळायला लागल्या आणि मी न बघताच ट्रिगर दाबत सुटलो. बघता बघता गोळ्या संपल्या! त्यात धाप लागलेली, म्हणून मास्कची काच वाफेने पांढरी. काही दिसेना. हात आपोआप मास्ककडे गेला. क्षणभर पुसून घेऊ, एवढंच!

"मास्क काढू नकोस!" मार्शल ओरडला. मी थांबलो.

नंतर हिशोब केला. गोळी साधारण १७ मिलीमीटरची. वेगाची नेहमीची मर्यादा सेकंदाला ३०० फूट. समोरचा ३० फुटांवर असेल, तर गोळी पोचायला सेकंदाचा साधारण दहावा भाग. अंगावर फुटली तर वळ उठतो. उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते.

एवढ्या वेळात नवा विचार होत नाही. आधी ठरवलेलंच कामाला येतं. म्हणून दुसऱ्या गेमआधी मी तीन गोष्टी पक्क्या केल्या:

एक, मैदानात मास्कला हात नाही. दिसेनासं झालं तर मार्शलला हाक मारायची, मास्क बाहेर गेल्यावरच काढायचा.

दोन, आडोशामागे पोचलो की आधी एक लांब श्वास सोडायचा, मग डोकावायचं. पुन्हा डोकावताना बाजू बदलायची, कारण पहिल्या जागेवर समोरच्याचा नेम तयार असतो.

तीन, माणूस दिसल्याशिवाय ट्रिगर नाही, आणि पुढचा आडोसा ठरल्याशिवाय पळायचं नाही.

गंमत बघा. पेंटबॉलचा पहिला गेम १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या जंगलात झाला. खेळाडू १२, हातात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायची पिस्तुलं. जिंकला कोण? रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस. त्याने शांतपणे झेंडे गोळा केले, एकही गोळी न झाडता!

दुसऱ्या गेममध्येही मी आऊट झालोच. पण यावेळी गोळ्या शिल्लक होत्या, आणि का आऊट झालो हेही कळलं: दोनदा एकाच बाजूने डोकावलो होतो.

रात्री दोनला सर्व्हर पडतो तेव्हाही माझं हेच होतं. हात आधी कीबोर्डवर धावतात. आता मी आधी श्वास सोडतो. तुम्हीही करून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!